सोनेतारण

तिसरीत असेन. बाबांनी मला सायकलच्या दांडीवर बसवून तालुक्याला नेलं. हँडलला कापडी पिशवी, पिशवीत आईच्या रुमालात गाठ मारून बांधलेलं काहीतरी. बाजारओळीतल्या एका माडीवर पतसंस्था होती आणि तिची पाटी नवीकोरी होती, पिवळ्यावर लाल अक्षरं : सोनेतारण कर्ज मिळेल. मला तेव्हा नुकतंच अडखळत का होईना वाचता येऊ लागलं होतं, म्हणून दिसेल ती पाटी मी मोठ्यानं वाचायचो. ‘तारण’ हा शब्द तर पाठच होता. दर रविवारी कानावर पडायचा. येशू आपला तारणारा, तारणाचा दिवस आजच, तारण दुसऱ्या कोणाकडून नाही. मी विचारलं, “बाबा, इथंबी उपासना असते का?”

बाबा हसले नाहीत. “नाई,” म्हणाले. “इथं वस्तू ठेवून घेतात.”

रुमालात आईच्या पाटल्या होत्या. त्या का गेल्या हे मला फार पुढे कळलं.

बाबा गावातल्या सेवा सहकारी सोसायटीचे गटसचिव. गावाच्या भाषेत शेकेटरी. यवतमाळ जिल्ह्यातली काळी जमीन, कोरडवाहू, पऱ्हाटी म्हणजे कपाशी आणि तूर, मधूनमधून ज्वारी. तीन गावांच्या कर्जाच्या खतावण्या आमच्या घरी लाकडी पेटीत असायच्या. कोणाच्या वावरावर किती बोजा आहे, सात-बाऱ्याच्या इतर हक्कात कोणाचं नाव चढलं आहे, कोणी मुलीच्या लग्नासाठी पीककर्ज उडवलं, हे सगळं बाबांना तोंडपाठ होतं आणि ते कधी कोणापुढे बोलत नसत. सोमवार ते शनिवार हा धंदा. रविवारी सकाळी पांढरा सदरा घालून ते गावाच्या टोकाला असलेल्या टिनाच्या प्रार्थनाघरात पेटी वाजवायचे. गावात ख्रिस्ती घरं नऊ. लोक आम्हाला ‘मिशनवाले’ म्हणायचे. कधी प्रेमानं, कधी तसं नाही.

प्रभूची प्रार्थना आम्ही उभं राहून म्हणायचो. तिच्यात मध्यावर एक वाक्य आहे : ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.’ मत्तयानं लिहिलेल्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, येशूनं स्वतः शिष्यांना शिकवलेली ही प्रार्थना, आणि तिथं मूळ ग्रीक शब्दही ऋणाचाच आहे. दुसरा चरित्रकार लूक, त्यानं तोच भाग लिहिताना आधी ‘पापे’ हा शब्द घातला. पण मत्तय हा जकातदार होता अशी परंपरा आहे, त्यामुळे त्याला कर्जाचीच भाषा जवळची असणार, असं बाबा म्हणायचे. आपल्या जातभाईबद्दल बोलावं तसे ते मत्तयाबद्दल बोलत.

आमच्या धुऱ्याला धुरा लागून एका काकांचं वावर होतं. गळ्यात तुळशीची माळ, कपाळी बुक्का, आषाढीला जमेल तसं पंढरपूर. उन्हाळ्यात संध्याकाळी ते बाबांशी गप्पा मारायला आमच्या ओसरीवर यायचे. त्यांना वादविवादाची हौस नव्हती, पण कुतूहल दांडगं.

“शेकेटरी, तुमचा देव एक का तीन?”

“एक.”

“मंग बाप, पोरगा अन् आत्मा हे कोन?”

यावर आमचे पाळक, म्हणजे पाद्री, नेहमी पाणी, बर्फ आणि वाफेचा दृष्टांत द्यायचे. बाबांना तो पटत नसे. एकच पाणी कधी बर्फ होतं, कधी वाफ, म्हणजे ते तिन्ही एका वेळी नसतं. आणि मंडळीचा, म्हणजे ख्रिस्ती समाजाचा, विश्वास तर असा की पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघे एकाच वेळी आहेत, आणि ते एकच देव आहेत. येशूचा बाप्तिस्मा यार्देन नदीत झाला तेव्हा पुत्र पाण्यात उभा, आत्मा कबुतरासारखा उतरतोय, आणि वरून पित्याची वाणी. देव वेळेप्रमाणे वेष बदलतो हे म्हणणं मंडळीनं फार जुन्या काळीच नाकारलं. पुत्र हा पित्याच्याच तत्त्वाचा आहे, घडवलेला नाही, हे इ.स. 325 मध्ये निकियाच्या परिषदेत ठरलं आणि 381 मध्ये कॉन्स्टँटिनोपलला ते आणखी स्पष्ट झालं. बाबांनी हे कुठल्याशा जुन्या मराठी पुस्तकात वाचलं होतं. काकांना ते एवढंच म्हणाले, “मले पुरतं समजत नाई. पण तिघं असल्यानं एक गोष्ट होते. देव जग करायच्या आधी एकटा नव्हता. त्याच्यात प्रेम पहिल्यापासूनच होतं.”

काकांनी मान हलवली. पटलं म्हणून नव्हे, ऐकलं म्हणून. मला आता वाटतं की त्या ओसरीवर देवाबद्दल जेवढं चांगलं बोलणं झालं तेवढं प्रार्थनाघरात क्वचितच झालं असेल. काकांपुढे बाबांना तयार वाक्यं वापरता येत नसत.

पापाबद्दल दोघांचं बरंच जुळायचं. माणसाच्या हातून वाईट घडतं, त्याचं फळ भोगावं लागतं. काका म्हणायचे, करावं तसं भरावं, या जन्मी नाही तर पुढच्या. बाबांचं म्हणणं इथून वेगळं व्हायचं. ख्रिस्ती समजुतीत जन्म एकच आहे, हप्ते पाडून घ्यायला पुढचा जन्म नाही. आणि पाप म्हणजे नुसत्या चुकांची यादी नव्हे. देवानं माणसाला चांगलं घडवलं, आपल्या प्रतिरूपाचं, पण माणूस देवाला सोडून आपल्याच मर्जीचा झाला. त्यातून आलेलं तुटलेपण सगळ्यांच्याच वाट्याला आलं आहे, मिशनवाले असोत की माळकरी. बाबा हे थकबाकीच्या भाषेत सांगायचे. मुद्दल फेडायची ऐपत नाही, व्याज चढतंय, त्यातच पुढच्या हंगामासाठी नवं कर्ज. उद्यापासून मी नीट वागेन असं ठरवलं तरी त्यानं फार तर उद्याची उधारी थांबेल, मागची बाकी तशीच राहते.

एकदा त्यांनी मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला दृष्टांत पेन्सिल घेऊन सोडवला. एका राजाला त्याचा दास दहा हजार तालांत देणं लागत होता. राजानं ते सोडलं. तोच दास बाहेर पडला आणि शंभर दिनारांसाठी त्यानं सोबतीच्या दासाचा गळा धरला. एक दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार. बाबांनी खतावणीच्या मागच्या कोऱ्या पानावर गुणाकार मांडला : 6 कोटी दिवसांची मजुरी. भागिले 365. एकही दिवस सुट्टी न घेता 1 लाख 64 हजार वर्षं. दुसऱ्या बाजूला शंभर दिवसांचा रोज, म्हणजे एका हंगामाची मजुरी. बाबा बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिले. “एवढं कर्ज मंजूर केलं कोनं?” असं त्यांनी विचारलं, आणि आम्ही सगळे हसलो.

त्या दिवशी काका होते. ते म्हणाले, “आमच्या तुकोबानं तेच केलं ना. खतं इंद्रायणीत बुडवली.”

गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. तुकारामांच्या घरी सावकारी होती. लोकांकडून येणं असलेल्या रोख्यांचे त्यांनी वाटे केले, अर्धे भाऊ कान्होबाला दिले आणि आपले अर्धे नदीत सोडले. बाबांचा चेहरा उजळला. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक, त्यांच्याबद्दल बाबांना फार आदर. नागपुराहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या सहप्रवाशानं टिळकांना नवा करार दिला, पुढे 10 फेब्रुवारी 1895 ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि ते सांगत की आपण तुकारामांच्या पुलावरूनच ख्रिस्ताकडे आलो. काकांनी तोच पूल ओसरीवर आणून ठेवला होता.

“खतं बुडवली,” बाबा म्हणाले, “पण त्याईचे पैशे गेले की नाई?”

“गेलेच ना.”

“तेच. कर्ज हवेत इरत नाई, भाऊ. कोनाच्या तरी नावे पडतेच.”

इथं बाबांचा धंदा त्यांच्या विश्वासाला उपयोगी पडला असं मला वाटतं. कर्जमाफी म्हणजे कागद फाडणं, अशी बऱ्याच लोकांची समजूत असते. सेक्रेटरीला माहीत असतं की कागद फाडला तरी बाकी कुठंतरी उभी असते. एका खात्यात जमा दाखवायचं तर दुसऱ्या कुठल्या तरी खात्यात ते नावे टाकावं लागतं. जो सोडतो तोच ते सोसतो. देव प्रेमळ आहे, मग त्यानं नुसतं ‘माफ केलं’ म्हणून टाकायला काय हरकत होती, हा प्रश्न मी कॉलेजात असताना मोठ्या ऐटीत विचारला होता. बाबांच्या दृष्टीनं त्याचं उत्तर वधस्तंभ, म्हणजे येशूचा क्रूस, हेच होतं. ते माफीचं सोसणं कुठं पडलं, ते तिथं दिसतं. येशूचा प्रेषित पौल, त्यानं कलस्सै गावच्या मंडळीला लिहिलं आहे की आपल्याविरुद्ध असलेला कर्जरोखा देवानं खोडला आणि वधस्तंभाला खिळला. तिथला ग्रीक शब्द कर्जदारानं स्वतःच्या हातानं लिहून दिलेल्या चिठ्ठीचा आहे. सावकाराचा खोटा कागद नव्हे, आपलाच अंगठा.

माझी दुसरी शंका जास्त अडचणीची होती. एकाच्या अपराधासाठी दुसऱ्या निरपराध माणसाला मारायचं, हा कुठला न्याय? बाबा यावर लगेच बोलले नाहीत. दोन दिवसांनी बैलांना पाणी पाजताना म्हणाले की येशू तिसरा माणूस असता तर तुझं खरं होतं. पण तो तिसरा नाही. ज्याचं येणं होतं तोच आला. म्हणूनच मंडळीनं एवढा हट्ट धरला की येशू पूर्ण देव आणि पूर्ण माणूस आहे. 451 मध्ये खाल्केदोनच्या परिषदेनं हे सूत्रात बांधलं : एकच व्यक्ती, दोन स्वभाव, त्यांची सरमिसळ नाही आणि ताटातूटही नाही. माणूस नसता तर आपल्या बाजूनं भरता आलं नसतं, देव नसता तर ते त्याचं स्वतःचं सोसणं झालं नसतं. सगळे ख्रिस्ती वधस्तंभ कर्जाच्याच भाषेत समजतात असं मात्र नाही. कोणी तो मरणावरचा विजय म्हणतात, कोणी यज्ञ, कोणी दुरावलेल्यांचा समेट. पवित्र शास्त्रात हे सगळेच शब्द आहेत. आमच्या घरात पेटीभर खतावण्या होत्या म्हणून आमच्याकडे हा एक मोठा झाला.

आणि पुनरुत्थान? ईस्टरला आम्ही अंधारातच कब्रस्थानात जायचो, मेणबत्त्या घेऊन, आणि उजाडताना गाणी म्हणायचो. एप्रिलची ती पहाट विदर्भातली शेवटची थंड वेळ असते, तासाभरानं जमीन तापायला लागते. येशू तिसऱ्या दिवशी उठला, देहासकट, हा ख्रिस्ती विश्वासाचा कणा आहे. तो उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ, असं पौलानंच लिहून ठेवलं आहे, पळवाट ठेवलेली नाही. बाबा त्याला बेबाकी दाखला म्हणायचे. कर्ज भरलं हे कर्जदारानं सांगून चालत नाही, समोरच्यानं लिहून द्यावं लागतं.

यात एक गोष्ट मात्र बाबांना जन्मभर जड गेली, ती म्हणजे फुकट. ख्रिस्ती शिकवणीत तारण हे देवाचं दान आहे, ते कृपेनं मिळतं आणि विश्वासानं घ्यायचं असतं, सत्कर्मांनी कमवायचं नसतं. सत्कर्मं नंतर येतात, उपकार समजल्यावर. नाही आली तर तो विश्वासच मेलेला, असं नव्या करारातलं याकोबाचं पत्र म्हणतं. या दोन टोकांवरून कॅथलिक आणि प्रोटेस्टंट शेकडो वर्षं भांडले आणि 31 ऑक्टोबर 1999 ला ऑग्सबर्ग इथं कॅथलिक आणि लुथेरन मंडळ्यांनी मूळ मुद्द्यावर एकमताची सही केली. बाबांचा मामला इतका मोठा नव्हता. त्यांना कोणाचं काही फुकट घेणं आवडत नसे, एवढंच. दर वर्षी 31 मार्चच्या आत आपलं पीककर्ज भरणारा माणूस.

2008 ची केंद्राची कर्जमाफी आली तेव्हा ते निवृत्त झालेले होते. पाच एकरांच्या आतल्या शेतकऱ्याला पूर्ण माफी, वरच्यांना एकरकमी भरलं तर चतुर्थांश सूट. विदर्भातल्या कोरडवाहूवाल्यांची त्यात पंचाईत झाली, कारण इथं सात-आठ एकर असलेला माणूसही पोटापुरतंच पिकवतो. आमची सात एकर. शिवाय बाबांची थकबाकीच नव्हती. काकांची चार एकर, त्यांचं सगळं माफ झालं. काकांनी पेढे आणले. बाबांनी पेढा घेतला आणि ते गेल्यावर म्हणाले, “भरनारा येडाच ठरला.”

आणि योगायोग असा की त्याच महिन्यात एका रविवारी शास्त्रपाठ आला द्राक्षमळ्याचा. मळ्याचा मालक पहाटे मजूर लावतो, दिवसाकाठी एक दिनार ठरवून. पुन्हा नऊला, बाराला, तीनला, आणि दिवस मावळायच्या तासभर आधी, पाचला, रिकामे उभे असलेले आणखी काही. संध्याकाळी सगळ्यांना एकेक दिनार. पहाटेचे कुरकुरतात. मालक म्हणतो, मी उदार आहे हे तुला खुपतं का? आमच्याकडे कापसाची वेचणी किलोवर असते, त्यामुळे बायका ही गोष्ट ऐकून खुसखुसल्या. पाचला आलेलीला सकाळच्या बाईइतका चुकारा दिला तर दुसऱ्या दिवशी सकाळी वावरात कोण येईल? गोष्टीचा चटका तिथंच आहे. पाळकांनी लगेच ते स्वर्गाच्या राज्याबद्दल आहे वगैरे सांगून गार केलं. घरी येताना मी बाबांकडे तिरप्या नजरेनं पाहत होतो. ते म्हणाले, “गोष्ट खरी हाय. पन त्यो मालक आपल्या खिशातून देत व्हता. हे माह्या पगारातून कापलेल्या टॅक्सातून देते.”

काकांसाठी मात्र त्यांच्या मनात अढी राहिली नाही. दोन वर्षांनी काका गेले. टाळमृदंगात नेलं त्यांना, बाबा स्मशानापर्यंत चालत गेले. त्या रात्री मी विचारायला नको ते विचारलं. मार्ग, सत्य आणि जीवन मीच आहे, माझ्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही, असं येशू म्हणतो. मग काकांचं काय? ख्रिस्ती लोकांतच यावर दुमत आहे. आमच्यातले बरेच जण सरळ ‘नाही’ म्हणतील. कॅथलिक मंडळीच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1964 मध्ये म्हटलं आहे की स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान कळलं नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सद्‌सद्विवेकाप्रमाणे वागतात, त्यांचंही तारण होऊ शकतं. पण काकांनी तर ओसरीवर बसून सगळं ऐकलं होतं. बाबा दिव्याकडे बघत म्हणाले, “मी सेक्रेटरी हावो. मंजुरी देनारा मी नाई.”

आमचं ख्रिस्ती होणंही फुकटातलंच आहे, आणि त्याचे टोमणे मी शाळेत पुष्कळ खाल्ले. छप्पनचा दुष्काळ म्हणतात त्यात, 1899-1900 मध्ये, वऱ्हाडात माणसं रस्त्याकडेला मेली. माझे पणजोबा तेव्हा सहा-सात वर्षांचे, आईबाप गेलेले, कोणीतरी त्यांना मिशनच्या अनाथाश्रमात आणून सोडलं. भाकरीसाठी बाटले, असं म्हणतात. आता मी ते नाकारत नाही. सहा वर्षांचं पोर दुसरं कशासाठी कुठं जाईल? मिशनवाल्यांचा हेतूही उघडच होता. पण पणजोबा आजोबांना सांगायचे की आधी भाकर मिळाली, विश्वास कितीतरी वर्षांनी आला, आणि मधल्या वर्षांची भाकर कोणी मागे मागितली नाही. कृपेची व्याख्या शिकवताना मी कुठल्याही पुस्तकाऐवजी हेच सांगेन. फक्त एवढी कृपा पचवलेल्या आमच्या मंडळीत अजूनही सोयरीक जुळवताना पूर्वीची जात हळूच विचारली जाते, तेही सांगावं लागेल.

राहिल्या पाटल्या.

बाबांचा शाळेपासूनचा एक दोस्त होता. त्यानं ऑइल इंजिनासाठी त्या पतसंस्थेतून कर्ज काढलं, बाबा जामीनदार. दोन हप्ते भरून तो एका रात्री बिऱ्हाडासकट नाहीसा झाला. नोटीस बाबांना आली. दुसऱ्यांच्या थकबाकीच्या याद्या लिहिणाऱ्या माणसाचं नाव यादीत लागायची वेळ आली, म्हणून पाटल्या तारण ठेवल्या आणि भरले. त्या पुढे सुटल्याच नाहीत. व्याज चढत गेलं आणि लिलाव झाला. इब्री लोकांस पत्रात येशूला कराराचा जामीन म्हटलं आहे. ते वाचून दाखवायची पाळी आली की बाबा पुस्तक माझ्याकडे सरकवायचे.

आणि प्रार्थनेतलं ते वाक्य त्यांनी सोडलं. मी त्यांच्या शेजारी उभा असायचो, म्हणून मला कळायचं. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ पर्यंत त्यांचा खर्जातला आवाज यायचा, मग ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस’ ला थांबायचा, आणि ‘आम्हांस परीक्षेत आणू नको’ ला पुन्हा सुरू व्हायचा. बाकीच्यांच्या आवाजात ती फट बुजून जायची. सहा वर्षं हे चाललं. बाबांनी खोटी नोंद आयुष्यात केली नव्हती, देवापुढे तरी कशी करणार.

मी नववीत असताना एका रविवारी ती फट नव्हती. आवाज सलग आला, मी दचकून वर पाहिलं. बाबा डोळे मिटून होते. तो दोस्त परत आला नव्हता, त्याची चिठ्ठीही नव्हती, आम्हाला तो कुठं आहे तेसुद्धा ठाऊक नव्हतं. दुपारी आई मागच्या अंगणात चुलीसाठी पऱ्हाट्या मोडत बसली होती, तेव्हा मी तिला विचारलं.

“मीच म्हटलं त्याईले,” ती म्हणाली. हात थांबला नव्हता. “पाटल्या माह्या व्हत्या. मी कवाच सोडल्या. तुमी कायले धरून बसले?”